अर्धी काच

रत्नागिरी, ता. ४ नोव्हेंबर १९३१

गंगाराम,

बोट सुरू झाली, तुझी फोटोच्या काचांची पेटी पोचली, एकही काच फुटली नाही. चांगली बातमी एवढीच. इथून पुढचं एकटा असशील तेव्हा वाच.

तुझ्या रंगवलेल्या पडद्यावर मोटार आली आहे.

मला आधी वाटलं, ह्याने गिऱ्हाइकाला रस्त्यावर नेऊन फोटो काढला. मग काच उजेडाला धरली तर कठडा आपलाच. कठड्यामागे कारंजं होतं तिथे मोटार, आणि मधला खांब नाहीसा. अरे, कारंजं गेलं असतं तर मी हसून सोडलं असतं. खांब कुठे आहे?

तुला मुंबईत राहून विसर पडला असेल, म्हणून सांगतो. नवरा गिरणीत किंवा बोटीवर, बायको इकडे. दोघांचा एक फोटो व्हावा ही दोघांची हौस. तू तिकडे नवऱ्याला पडद्याच्या डाव्या अंगाला उभा करून काच घ्यायची, उजवी बाजू मोकळी. मी इकडे बायकोला उजव्या अंगाला उभी करायची, डावी मोकळी. मग मी अर्धा कागद काळ्या कागदाने झाकून आधी एक काच छापायची, नंतर दुसरी. दोन्हींचा सांधा खांबावर येतो आणि खांबाच्या सावलीत जिरतो. जोडपं एका ठिकाणी उभं राहिल्यासारखं दिसतं. अख्ख्या जिल्ह्यात हे दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. डोकं माझं होतं, हात तुझा होता; मी कधी उलटं म्हटलेलं नाही.

सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात चंपक मैदानाच्या सड्यावर दोन कापडं शेजारी शेजारी अंथरून तू रंगवलीस. एक रेघ ह्या कापडावर की लगेच तीच रेघ त्या कापडावर. कातळ असा तापलेला की तू गुडघ्यांना केळीची सोपटं बांधली होतीस, आणि दमू रंग कालवून देत होती. तेव्हा तुमचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. एक पडदा आणि एक दोरी घेऊन तू बोटीत चढलास. कॅमेरा पडद्यापासून किती लांब ठेवायचा त्या मापाच्या दोन दोऱ्या आपण एकदम कापल्या होत्या. तुझी दोरी बाकी शाबूत दिसते. माणसं मापात येतात. फक्त मोटारीसमोर येतात.

पहिला तडाखा लांज्याच्या मैनेचा बसला. तिचा नवरा काशीराम परळच्या गिरणीत. तिची काच मी गेल्या वैशाखात घेऊन ठेवलेली, ह्याची आता आली. काय करतो? जोडली. मैना सर्व्हिस मोटारीने लांज्याहून आली, वाटेत दोनदा ओकली, तोंड पुसून फोटो हातात घेतला आणि बघतच राहिली.

"हे मोटारीनं चाललेत कुठं?" म्हणाली. "नि मी कारंज्याकडं उभी, जशी काय पाणी भरायला आल्ये!"

मी म्हटलं, "बाई, मोटार त्यांची नव्हे, रंगवलेली आहे."

"ते कळतंय मला. पण बघणाऱ्याला काय दिसेल? बाईल मागे ठेवून चालला, असंच ना?"

तिने फोटो घेतला नाही. अडाणी बाई, पण बोलली ते सबंध आळीने ऐकलं आणि आळी हसली. आता दरवाज्यातून येणारी प्रत्येक बाई आधी विचारते, "आमच्यामागं मोटार नाय ना हो?"

तेव्हा खांब परत रंगव. मोटार ठेवायची तर ठेव, खांबाच्या पलीकडे ठेव, पण खांब हवा.

दमूचं बरं आहे. तिने आपल्या भावाला बजावलं आहे की तिच्याविषयी पत्रात काही विचारायचं नाही, म्हणून विचारत नाही. एकोणतीस साली तू तिला न्यायला आला होतास तेव्हा मी शिमग्यापर्यंत थांब म्हटलं, ते धंद्यासाठी. बायका माझ्यासमोर पदर सोडत नाहीत. निऱ्या नीट करायला, मान वर करायला बाईमाणूस लागतं. शिमगा झाल्यावर तूच आला नाहीस. खोली लहान आहे म्हणालास. माणसाला खोली लहान पडते की माणूस खोलीला, हे तुला ठाऊक.

आत्माराम


रत्नागिरी, ता. १० जानेवारी १९३२

गंगाराम,

तुझं उत्तर आलं. कागद गुळगुळीत आहे आणि डोक्यावर छापलं आहे 'मयेकर आर्ट स्टुडिओ, गिरगाव'. माझं शिवलकर हे नाव छापताना छापखान्यात खिळे कमी पडले असावेत.

मुंबईचं गिऱ्हाईक कारंज्याला हसतं, तुम्हीही तिकडे मोटार रंगवून घ्या, म्हणतोस. बरं. तुझा सल्ला मानला. आमच्याकडे ब्रश धरणारा आता एकच, बाबल्या; नमनाच्या खेळातली सोंगं रंगवतो तो. त्याला पडद्यावर चढवला. दोन दिवस खपला आणि खाली उतरून म्हणाला, "बघा शेट, कशी पळतेय!" मी पाहिलं. चारही चाकं एकाच अंगाला आणि चारही आभाळाकडे. मी म्हटलं, "बाबल्या, तू मोटार पाहिलीस का रे कधी?" म्हणाला, "एकदाच बघितली. घाटात उलटलेली."

तू हसशील. मीही हसलो. पण त्या आठवड्यात गुहागरच्या दोन बाया पडद्याकडे बघून तशाच परतल्या, तेव्हा हसू गेलं.

मग दमू घरातून आली. खळ आणि चुना घेऊन मोटारीवर पोचारा दिला, आणि वाळल्यावर कारंजं काढलं. तुझ्यासारखं नाही, तुझं पाणी पडतं, तिचं थोडं उभंच राहतं. पण खांबाला तिने हात लावलेला नव्हता, तो तुझाच आहे. सड्यावर नुसते रंग कालवीत होती असं मी समजत होतो. बघतही होती तर.

पाटीवरून माझं नाव काढलंत तरी चालेल, असं शेवटी लिहिलं आहेस. मोठ्या मनाचा आहेस. पाटी तू रंगवलेली आहे, गलबतांची नावं रंगवायचास त्याच अक्षरांत. मी काढणार नाही. गावात लोक काय म्हणतात ते तुला सांगतो, कारण माझे कान किती तिखट ते तुला माहीत आहे: आत्मारामाने भागीदार पक्का करायला बहीण दिली, असं म्हणतात. म्हणू देत. स्थळ चांगलं होतं म्हणून दिली. पण बायको इथे ठेवून तू नाव काढून घेतलंस की त्यांचं म्हणणं खरं ठरतं.

खांबाविषयी तुझ्या पत्रात एक अक्षर नाही.

आत्माराम


रत्नागिरी, ता. २८ मार्च १९३२

रा. रा. गंगाराम मयेकर यांस,

आपण आता गिरगावातले मालक, तेव्हा अरेतुरे करणं बरं नाही.

शिमग्याला मुंबईकर उतरले. आपल्या गुहागरचा सदू, डॉकात कामाला असतो तो, बायकोला घेऊन आमच्याकडे आला. बायकोचं नाव काशी. गेल्या साली त्यांचा जोडफोटो आपण दोघांनीच केला होता. अर्धा तिकडे, अर्धा इकडे. आता दोघं एकदम उभी राहून काढायचा म्हणाला. मला कौतुक वाटलं. पण जोडपं उभं केलं तर दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर, आणि सदूला हातांचं काय करावं ते कळेना.

मी म्हटलं, "अरे, बायको आहे ती तुझी, पोलीस नव्हे. जवळ सर."

"मुंबईत सोपं होतं हो," तो म्हणाला. "एकट्यानं उभं राहायचं. नि तिथं वहिनी असतात ना. त्यांनी माझी टोपी सरळ केली, हनुवटीला बोट लावून मान वर केली, नि म्हणाल्या, भावोजी, हसा जरा."

काशी म्हणाली, "कुठली वहिनी गो बाय ही?"

"मयेकरांची मालकीण. दुकानात बसतात त्या. मोटारीपुढं उभं करून फोटो काढायची टूम त्यांचीच."

सदूला दमू कोण ते ठाऊक नाही. तिच्या लग्नाच्या वेळी तो बोटीवर होता. त्याला ती आमच्याकडे निऱ्या नीट करायला ठेवलेली बाई वाटली. ती त्या वेळी काशीच्या पायाशी बसली होती, तोंडात टाचणी. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याच्या आत होतो. आत माणसं उलटी दिसतात, पण ऐकू सगळं सरळ येतं.

टाचणी तिच्या तोंडात तशीच राहिली. सगळ्या निऱ्या लावून झाल्या. मग उठली, टाचणी काढून पदराला खोचली, काशीला म्हणाली, "आता हलू नकोस हो." सदूसमोर गेली आणि त्याची टोपी सरळ केली.

"इथेही तशीच पद्धत आहे, भावोजी," म्हणाली. "हसा जरा."

तो हसला. फोटो उत्तम आला आहे. आपण शिकवलेलं सगळं त्यात आहे.

त्यानंतर घरी माझी बायको तुळसा दोनदा दमूजवळ बसायला गेली तर ती म्हणाली, "वहिनी, तांदूळ निवडायचेत." तांदूळ निवडलेलेच होते.

मला एका ओळीचं उत्तर पाहिजे. ती बाई कोण?

आत्माराम शिवलकर


रत्नागिरी, ता. २१ एप्रिल १९३२

रा. रा. मयेकर यांस,

ती कामाची बाई आहे, असं आपण लिहिता. बायकांच्या पदराला पुरुषाने हात लावलेला चालत नाही, त्याला बाईमाणूस लागतं, असंही लिहिता. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. कुठे ऐकलं ते उगाळत बसत नाही.

आपल्याकडे मुंबईत गिऱ्हाईक तर पुरुष. त्यांना कसला पदर?

पण पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने आपण स्वतः येता आणि दमूला घेऊन जाता, असं लिहिलं आहे, म्हणून बाकी सगळं गिळतो. माझं म्हणणं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या वाद नको. मोटार आपली. गिरगावचं दुकान आपलं, त्यावरचं नावही आपलं एकट्याचं. जोडफोटोचा धंदा मी मोडला असं समजा. मी इथे पोरांच्या मुंजी आणि कचेरीतल्या साहेबांचे निरोपसमारंभ टिपून पोट भरीन. मला भागीदार नको. तिचा नवरा तिला मिळू दे, एवढंच.

तिला सांगितलं. "बरं," म्हणाली. पण ट्रंक माळ्यावरून खाली आली आहे, आणि काल तुळसाला विचारत होती की मुंबईत आमसुलं मिळतात का.

या.

आत्माराम


रत्नागिरी, ता. ३ जून १९३२

गंगाराम,

बोट बंद झाली. हे पत्र कोल्हापुरावरून फिरून तुझ्याकडे येईल. उशिरा आलं म्हणून तुझं काही अडणार नाही.

शेवटच्या बोटीला आम्ही तिघं बंदरावर गेलो होतो. मी, तुळसा आणि दमू. ट्रंक हमालाच्या डोक्यावर न देता तिने बाजूला ठेवून घेतली होती. समुद्र उठलेला, बोट लांब उभी. उतारू पडावातून किनाऱ्याला येत होते. एक पडाव आला, दुसरा आला. तिसऱ्यातून सखाराम तांडेल उतरला आणि मला हाक मारून म्हणाला, "आत्माराम शेट, तुमच्या पाव्हण्यांनी पेटी दिलीय. जपून, काच हाय म्हणाले."

दमूने माझ्या आधी हात पुढे केला.

घरी येऊन उघडली. तू होतास. नवा कोट, हात कठड्यावर, डाव्या अंगाला उभा. उजवी बाजू मोकळी. आणि मध्ये खांब. गंगाराम, सात महिने मी ज्या खांबासाठी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो, तो तू नव्याने रंगवलास, सावलीसकट, अगदी सड्यावर रंगवलास तसा. एका काचेपुरता. हात अजून चांगला आहे तुझा.

सोबत चार ओळी. सध्या येणं होत नाही, दमयंतीचा फोटो घेऊन ह्यास जोडावा आणि दर्शनी भिंतीवर लावावा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

आपण ही युक्ती काढली ती ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी. ज्याला यायचंच नाही त्याच्यासाठी काढली नव्हती. हे मला त्या क्षणी सुचलं असं मात्र समजू नकोस. त्या क्षणी मी काय म्हटलं ते ऐक. मी म्हटलं, "दमू, लुगडं बदल. ऊन आहे तोवर काच घेऊन टाकू."

तुळसा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काय हो, माणूस आहात का?" मी म्हटलं, लोक उद्या दारात येतील, त्यांना दाखवायला काहीतरी हवं.

दमू बदलून आली. लग्नातलं हिरवं नेसली होती. मी जमिनीवरची खडूची खूण दाखवली, उजव्या अंगाची. इतकी वर्षं ती स्वतःच दुसऱ्या बायकांना त्या खुणेवर उभी करीत आली आहे. तुला मागे लिहिलं होतं, मांडवीची येसूबाई मोकळ्या जागेकडे बोट करून विचारायची, "आमचे हे इथं येणार ना? मग त्यांना सांगून ठेवा, तोंड मिटून उभं राहायचं." सगळ्या बायका त्या रिकाम्या बाजूचा पदर जरा पुढे ओढून घेतात. कोणी नसतं तिथे, तरी.

दमूने पदर ओढला नाही. खुणेकडे पाहिलं, आणि खुर्ची उचलली. खुर्ची मधोमध आणून बरोबर खांबाच्या पुढ्यात ठेवली आणि बसली.

मी कपड्याच्या आतून म्हटलं, "दमू, बाजूला सर. सांधा बसणार नाही."

"माहीत आहे."

"अगो, मग त्याला जागा कुठे राहिली?"

"दादा," ती म्हणाली, "ते न्यायला आले होते तेव्हा तू म्हणालास, शिमगा होऊ दे. तुझा तो शिमगा अजून व्हायचाय. त्यांची खोली अजून लहानच आहे. तुम्हा दोघांना आपापली रिकामी बाजू भरायला माणूस लागत होतं, ते मी झाले. आता काढ फोटो. ऊन चाललं."

तुझ्यावर मी पाच वर्षांत जेवढा रागावलो नाही तेवढा तिच्यावर त्या वेळी रागावलो, कारण तिने तुझं आणि माझं नाव एका दमात घेतलं. पण हात आपोआप चालतो. काढला.

आता हकिगत. दुकान चालू आहे. दमू ज्या घरांतल्या बायका बाहेर पडत नाहीत तिथे स्वतः कॅमेरा घेऊन जाते. पेटी उचलायला मी जातो आणि ओटीवर बसून राहतो. आतून हसण्याचे आवाज येतात. माझ्यासमोर त्या बायका कधी अशा हसल्या नव्हत्या. लांज्याची मैना परवा आली, एकटीचा फोटो मागायला. मी सवयीने खूण दाखवली. "मधी उभी राहत्ये," म्हणाली, "दमूताई बसल्यात तशी." तो फोटो तिने कुठे पाहिला विचारलं, तर म्हणाली, तुमच्या दारात तर लावलाय.

दारात लावला आहे. तू म्हणालास तसाच, दर्शनी भिंतीवर. लोकांची तोंडं बंद झाली नाहीत, पण आता ती तुझ्याविषयी बोलतात.

पाटीला मी हात लावलेला नाही. 'शिवलकर मयेकर आर्ट स्टुडिओ' तशीच आहे. यातले मयेकर कोण, असं कोणी नवखं विचारतं, तेव्हा मी आत दमूकडे बोट दाखवतो.

आणि तुझी काच परत मागू नकोस. ती दमूने गरम पाण्यात सोडा टाकून भिजत घातली. दुधावरची साय सुटते तसा तू एका कडेने सुटलास. आधी कोट गेला, मग चेहरा. खांबापाशी तिचा हात जरासा थांबला, मग तोही पुसला. उन्हात वाळवून तीच काच तिने आपल्या फोटोच्या चौकटीला बसवली. एकाच मापाच्या ना आपल्या काचा. घासावीसुद्धा लागली नाही.

काच मात्र चांगल्या जातीची घेत होतास. आरपार दिसतं.

आत्माराम